धवलारणीचा पाय आणि क्लचमधली हवा

पनवेलला जाऊन आले. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. लोक पनवेलवरून जातात. कोकणात जाताना जातात, मुंबईला जाताना जातात. मुद्दाम पनवेलला म्हणून कुणी जात नाही. मी गेले! बार्शीहून, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, स्वतः गाडी चालवत गेले. आणि तिथं एका गॅरेजच्या खड्ड्यापाशी जे साडेतीन तास काढले ना, ते सांगायला बसले की अजून माझे हात आधी हलायला लागतात आणि तोंड मागून.

कशाला गेले ते आधी सांगते. सुमन माझी मैत्रीण. तिच्या यजमानांची बदली बार्शीला झाली होती, तेव्हा सहा वर्षं आमच्या भिंतीला भिंत. ती आगरी, पनवेलजवळच्या नेऱ्याची. भांडी घासता घासता काहीतरी गुणगुणायची. विचारलं तर म्हणायची, "हे धवले गं. आमच्याकडं लग्नात धवलारीण गाते. भटजी नंतर, धवलारीण आधी." मी चाटच पडले. गाणी काय आमच्याकडंही आहेत, जात्यावरची आहेत, हळदीची आहेत. पण एक बाई येऊन गायल्याशिवाय हळदीच्या वाटीला कुणी बोटच लावत नाही, असं कुठं ऐकलं होतं मी! तेव्हापासून मनात होतं, एकदा धवलारीण ऐकायची आणि वहीत उतरवून आणायची. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं सगळं शिक्षण माझं वहीत झालं. जे ऐकते ते लिहिते.

या माघात सुमनच्या भावाच्या मुलीचं, प्राजक्ताचं लग्न निघालं. सुमनचा फोन आला, "हळदीला पोच." मी म्हटलं, पोचले समज.

बार्शी ते घाट

गाडी आमच्या ह्यांची. हे गेल्यावर दोन वर्षं ती अंगणात धूळ खात उभी होती. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी मी धान्य बाजाराच्या मोकळ्या मैदानावर गाडी शिकले. शिकवणारं कुणी नव्हतं. शेजारच्या सीटवर ह्यांनी गाडीबद्दल लिहून ठेवलेली जुनी वही ठेवायची आणि वाचत वाचत शिकायचं.

निघायच्या आठवड्यात क्लचचा खालचा सिलिंडर गळायला लागला. गल्लीतल्या मेकॅनिकनं नवा बसवला आणि बजावलं, "काकू, दोन दिवस गावातच चालवा आणि परत एकदा दाखवून जा. आत कधीकधी हवा राहते." मी होय होय म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी मी कडक भाकरीचे पुडे बांधत होते! आमचा स्वभावच तसा. जायचं ठरलं की पाय घरात ठरत नाहीत.

पुण्याला भाच्याकडं मुक्काम केला आणि सकाळी घाट उतरले. घाटात काय ट्रकांची रांग! दहा पावलं जायचं, थांबायचं, परत दहा पावलं. क्लच दाबून दाबून पिंढरी भरून आली. खोपोलीच्या पुढं जरा मोकळा रस्ता लागला आणि गियर बदलायला पाय टाकला, तर पेडल कसं लागलं? पिकल्या केळ्यावर पाय पडावा तसं. मऊ. गियर कुरकुरला. लागोपाठ तीनदा पेडल मारलं तेव्हा कुठं पडला. मी गाडीला म्हटलं, "बये, पनवेलपर्यंत चल. तिथं काय रुसायचं ते रूस." तिनं माझा शब्द तंतोतंत पाळला.

खांदा कॉलनी

पनवेल जवळ आलं तसा सुमनचा फोन. "कुसुम, तू खांदा कॉलनीवरूनच येणार ना? मग हिराआयला उचल. लेकीकडं राहते ती. ओटीचं सामान तिकडं पोचवलंय, तू फक्त ओटी भरून गाडीत बसव आणि घेऊन ये."

"हिराआय कोण?"

"अगं, धवलारीण!"

काय सांगू! जिला ऐकायला मी एवढा मुलूख तुडवत आले, ती माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसणार होती.

खांदा कॉलनीतल्या इमारती अशा एकासारख्या एक, की मी तीनदा चुकीच्या जिन्यावर चढले. हिराआय खालीच उभी होती. पंचाहत्तरच्या पुढची, काटकुळी, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत चोपून नेसलेलं, पाय अनवाणी. आणि त्या पायांची बोटं! एकेक बोट वेगळं, पसरलेलं, हाताच्या बोटांसारखं. लहानपणापासून उरणकडच्या मिठागरात काम केलेलं. मीठ धरायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो म्हणे, दिवसच्या दिवस, ओळीनं उभं राहून, गाण्याच्या ठेक्यावर.

मी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि तांदूळ, नारळ, खण असं तिच्या ओटीत घातलं. तिनं सगळं पदरात बांधून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "आता बाय, माझा पाय मांडवाच्या अंगणातच टेकायचा."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

"तसं नाय. ओटी घेऊन ज्या गाडीत बसले तीच गाडी. मधी उतरायचं नाय, गाडी बदलायची नाय. माझ्या आयच्या बैलगाडीचा चाक मोडला होता वाटंत. चाक बसवीपर्यंत आय तशीच गाडीत बसून राह्यली, तिरक्या गाडीत. दुपारची सांज झाली."

मी हसले. तेव्हा हसले, बरं का.

जाता जाता तिनं आपणहून सांगितलं. प्राजक्ताच्या आजीच्या लग्नात हिराआयची आई गायली होती. प्राजक्ताच्या आईच्या लग्नात स्वतः हिराआय. "आता ही तिसरी. पन आताशा कोण बोलावतंय? गेल्या साली तीन लग्नांत मोबाईलमधला धवला लावला. माझाच आवाज. कुनीतरी भरून घेतलेला. मी घरी बसून भात निवडतेय, आन माझा आवाज तिकडं लग्न लावतोय." मग म्हणाली, "आज पन मोबाईल गायला ना, तर मंग मी नाय गायची. कवाच नाय."

सुकापूर

सुकापूर म्हणजे नावाला गाव. डावीकडं सात मजले, उजवीकडं नऊ मजले, मधे एखादं कौलारू घर आणि त्याच्या दारात म्हैस. समोर पूर्वेला माथेरानचे डोंगर उभे, त्यांच्याच पायथ्याला नेरे. इतकं जवळ, की म्हटलं दीडच्या सुमाराला निघालोय, अडीचच्या आत पोचून मी जेवणावर ताव मारतेय.

आणि भर चौकात गाडी बसली. पेडल दाबलं ते थेट जमिनीला टेकलं आणि तिथंच राहिलं. वर येईना. मी बुटाचं टोक खाली घालून उचललं, परत दाबलं, परत तेच. पहिला गियर पडेना, रिव्हर्स तर खडखडाट. मागं हॉर्नचा गोंधळ. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "आजी, गाडी चालवताय का भाजी निवडताय?"

मी म्हटलं, "दोन्ही येतं मला. तू पुढं हो."

चौकापलीकडं पत्र्याची शेड आणि टायरची माळ दिसली. ह्यांच्या वहीतलं एक पान मला पाठ होतं. क्लच गेला तर इंजिन बंद करा, पहिला गियर टाका आणि तसाच स्टार्टर मारा. मी मारला. गाडी बेडकासारखी उडी मारून पुढं. परत मारला, परत उडी. हिराआय दोन्ही हातांनी ओटीतला नारळ धरून बसलेली, आणि खदाखदा हसतेय! अशा उड्या मारत आम्ही त्या शेडमध्ये शिरलो.

मेकॅनिकचं नाव बाळाराम. पन्नाशीचा, पोट पुढं, चष्मा कपाळावर. शेडमध्ये एकटाच. त्यानं आधी गाडीकडं नाही, आत बघितलं.

"अगो, हिराआय! तू? माझ्या लग्नाला तूच गायलेलीस."

"मंग? नीट चाललाय ना संसार?"

"बायको भांडते."

"गान्यात काय खोट नव्हती. तुझ्यातच आसंल."

मी मध्येच घाईघाईनं सगळं सांगितलं. घाट, केळं, नवा सिलिंडर. बाळारामनं हातानं पेडल दाबून बघितलं, दोनदा, डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तसं. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावला, पेडलच्या मागं हात घालून बोट बघितलं, मग गाडी खड्ड्यावर घेऊन खाली उतरला आणि खालच्या सिलिंडरचं रबर चाचपलं.

"दोन्हीकडं कोरडा हाय. गळती नाय, मावशी. हवाच हाय."

"एवढ्याशा हवेनं एवढी गाडी अडते?"

"तुमी पेडल दाबता म्हंजे तेल ढकलता. तेल दबत नाय, ते पुढं सरकतंय आन तिकडचा दांडा सरकवतंय. मधी हवा बसली तर तुमचा सगळा जोर त्या हवेला दाबन्यात जातो. हवा फुग्यावानी दबते, दांडा जागचा हालत नाय."

मला एकदम पटलं! आणि लगेच भीती वाटली. "आणि ब्रेकचं काय? डबी तर दोघांची एकच."

"क्लचची नळी डबीला वरच्या अंगाला आसते. तेल कमी झाला तर आधी क्लच जातो, ब्रेकचा तेल खाली राखलेला ऱ्हातो. गाडी बनवनारा आपल्यापेक्षा शहाना."

मी हिराआयला म्हटलं, "आय, तुम्ही रिक्षानं पुढं व्हा. मी आले मागून."

तिनं फक्त ओटीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला कळलं की ती बोलायची पद्धत नव्हती.

मी बाळारामला विचारलं, अशाच उड्या मारत नेरे गाठता येईल का. तो म्हणाला, "वाटंत बाजार, पुढं अरुंद पूल. धवलारनीला घेऊन आसला खेळ नाय करायचा." गॅरेजातला दुसरा माणूस कुठं, विचारलं, तर तो नेऱ्यालाच, त्याच हळदीला. आणि हवा काढायला तर दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून सिलिंडरचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, सैल करायचं, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर. निपल आवळायचं, आणि मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. शिवाय दर खेपेला डबीतलं तेल उतरतं, ते बघत भरत राहायला तिसरं माणूस.

"मी पेडल दाबते," मी म्हटलं.

"मंग डबी कोन बघनार?"

तेवढ्यात गाडीतून आवाज, "माझे पाय मोकळेच हायेत की!"

काय ती म्हातारी! बसल्या जागेवरून हॅन्डब्रेकवर एक पाय, स्टिअरिंगला एक हात, आणि सरकून ड्रायव्हरच्या सीटवर. जमिनीला पाय न टेकवता. बाळाराम खड्ड्यात उतरला. निपलला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवलं. मी बॉनेटपाशी, हातात ब्रेक ऑइलचा डबा. बाळारामनं खालून दोनदा सांगितलं, "मावशी, डबीवर खूण हाय, तेल तिच्या खाली जायला नको. गेला तर हवा वरून आत शिरंल आन सगळी मेहनत पान्यात. हे तेल रंगावर पन सांडू नका, रंग खातंय."

"दाब!" खालून हाक. "धर!" निपल सुटलं, बाटलीत बुड बुड बुड. "सोड!"

पेडल आपोआप वर येत नव्हतं. हिराआय पायाची बोटं पेडलच्या खाली घालून ते उचलायची. मला बूट घालून जे जमलं नव्हतं, ते तिच्या मिठागरातल्या बोटांना सहज जमत होतं. पाच-सहा खेपा झाल्या आणि तिला तो "दाब, धर, सोड" चा ठेका गवसला. तिनं गायला सुरुवात केली.

आवाज असा काही बारीक आणि लांब, की रस्त्यावरच्या हॉर्नच्या वरून गेला. पहिला गो पाय देवाला. दाब, धर, सोड. दुसरा गो पाय गावाला. दाब, धर, सोड. माझ्या अंगावर काटा! हेच ऐकायला मी आले होते. तेलाचा डबा बंपरवर ठेवला, पिशवीतून वही काढली. पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसरा गो पाय, इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द नीट कळला नाही म्हणून खिडकीपाशी गेले आणि विचारलं, "आय, तिसरा कुणाला?"

खालून बाळाराम ओरडला, "मावशी! बाटलीत नुसता फेस येतोय! डबी!"

मी धावत बॉनेटपाशी. डबी खुणेच्या कितीतरी खाली. क्लचच्या नळीचं तोंड उघडं पडलं होतं आणि हिराआयच्या प्रत्येक दाबाबरोबर ते तोंड हवा पीत होतं. तासाभराची मेहनत. माझ्यामुळं.

बाळाराम वर आला. चष्मा डोळ्यावर घेतला, डबी बघितली, माझ्या हातातली वही बघितली. बंपरवरचा तेलाचा डबा उचलून माझ्यापुढं धरला.  हिराआय म्हणाली, "तुझा तोंड आन तुझा हात, दोनी येकदम नाय चालत गो बाय. येक कायतरी चालव."

साडेतीन वाजले होते. सुमनचा फोन. मागं डीजेवाल्याचं हॅलो हॅलो. "कुसुम, कुठं आहेस? दिवेलागणीच्या आत पहिली हळद लागलीच पाहिजे. दादा म्हणतोय, नाहीतर मोबाईलमधला धवला माइकला लावून टाकू. प्राजक्ता रुसून बसलीय, पण तिचं कोण ऐकतंय?"

"लावू नका. येतो आम्ही," मी म्हटलं. कशाच्या जिवावर म्हटलं, देव जाणे.

परत सुरुवात. या खेपेला वही पिशवीत आणि पिशवी टायरांच्या ढिगावर. मी डबीवरून नजर हलवली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. मधे बाळारामच्या बायकोनं घरातून चहा आणला. हिराआयनं नको म्हटलं. "चहा पिला तर उतरायला लागंल," म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं. मी तिला माझी कडक भाकरी दिली. तिनं उलटसुलट करून बघितली. "ही भाकर हाय का पापड?" मग बाजूच्या दाढेखाली धरून कुडूम कुडूम खाल्ली, शेंगाची चटणी लावून, आणि तिच्या पदराच्या दुसऱ्या गाठीतली तांदळाची भाकरी नि जवळ्याची चटणी मला दिली. रुमालासारखी घडी होणारी भाकरी! आमच्याकडं भाकरी मोडतात, इथं घडी घालतात. खाल्ली मी, पण डबीकडं बघतच.

साडेचारपर्यंत बाटलीतले बुडबुडे थांबले. स्वच्छ तेल यायला लागलं. बाळाराम वर आला, पेडल दाबलं. अर्ध्यापर्यंत मऊ, मग घट्ट. गियर पडेना.

"येक बुडबुडा अडकलाय," तो घाम पुसत म्हणाला. "नळीला मधी वर चढलेला वळसा हाय. तिथं बसला आसंल. आपन खाली ओढतोय, आन तो परत वर जाऊन बसतोय."

वर जाऊन बसतोय. हे ऐकलं आणि मला आमच्या शेतातली विहिरीवरची मोटर आठवली. पाइपात हवा धरली की ती पाणी उचलत नाही. मग आम्ही पाणी भरतो आणि हवेला वरच्या तोंडानं जाऊ देतो. तिला खाली ओढत कुणी बसत नाही.

मी म्हटलं, "बाळारामदादा, मला यातलं कळत नाही. पण हवेला वरच जायचंय, तर जाऊ द्या की तिला वर. खालून तेल ढकललं तर?"

 त्यानं आपल्याच कपाळावर हात मारला. "खालून भरायचा! करतात तसा. माझ्या वस्तादानं केलेला. पिचकारी पायजेल पन." आणि शेडमधल्या फळ्या धुंडाळायला लागला. नटांचे डबे पालथे, जुने पंखे खाली. पिचकारी काही सापडेना. शेवटी त्याची बायको घरात जाऊन आली, हातात एक मोठी जाड सिरिंज. म्हशीला औषध पाजायची! नवीन होती, पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हैस काय नाय म्हननार नाय."

आता काम उलटं झालं. मी आधी डबीतलं तेल चमच्यानं काढून कमी केलं, वर येणारं तेल सांडायला नको म्हणून. हिराआयला सांगितलं, पाय उचलून ठेवा, पेडलला लावू नका. बाळारामनं सिरिंज तेलानं भरली, तिच्यातली हवा टिचकी मारून घालवली, नळी लावली, निपल उघडलं आणि खालून हळूहळू ढकलायला लागला.

"काय दिसतंय, मावशी?"

"काही नाही."

"आता?"

"तेल चढतंय. थोडं."

दुसऱ्यांदा भरली. परत ढकललं. मी डबीवर अशी वाकले होते की नाक तेलात जायचं बाकी.  हिराआयचं गाणंही थांबलेलं. आणि डबीत एक बारीक बुडबुडा आला. मग दोन. मग एक मोठा, करवंदाएवढा, सावकाश वर आला, तेलावर एक क्षण बसला, आणि फुटला.

"फुटला! बाळारामदादा, फुटला!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या इमारतीतली एक बाई गॅलरीत आली, काय फुटलं बघायला.

निपल आवळलं. तेल खुणेपर्यंत भरलं, झाकण लावलं, सांडलेले दोन थेंब ओल्या फडक्यानं पुसले. हिराआयनं पाय ठेवला, दाबलं. आणि म्हणाली, "आता तळ घट्ट लागला."

मिठागराच्या वाफ्याचं म्हणत होती ती. पण बरोबर तेच होतं.

बाळारामनं शेडचं दार ओढलं, शर्ट बदलला आणि मागच्या सीटवर येऊन बसला. "वाटंत काय झाला तर मी हाय," म्हणाला. खरं तर त्यालाही हळदीलाच जायचं होतं! हिराआय आली तशीच हॅन्डब्रेकवरून आपल्या जागेवर सरकली. मी क्लच दाबला. पहिला गियर असा पडला, लोण्यात चमचा.

नेरे

साडेपाचला आम्ही पुलावरून गेलो. खाली गाढी नदीचं उरलंसुरलं पाणी, पलीकडं भातकापणीनंतरची शेतं, आंब्यांना मोहर. ऊन डोंगराच्या कपाळावर गेलेलं. मी गियर उगीचच बदलत होते, हौसेनं. दुसरा, तिसरा, परत दुसरा. मागून बाळाराम, "मावशी, झाला आता, क्लच झिजंल."

गावात शिरलो आणि हिराआयनं काच खाली केली. तिचा चेहरा उतरला. माइकवरून धवला ऐकू येत होता. तिचाच आवाज, दहा वर्षं जुना, भरलेला.

मी आयुष्यात एवढा वेळ हॉर्न दाबून धरला नव्हता. मांडवाच्या तोंडाशी नेऊन गाडी थांबवली. सुमन धावत आली. तिच्यामागं पिवळ्या साडीतली प्राजक्ता, पाटावरून उठून, आणि तिच्यामागं ओरडणाऱ्या चार आत्या.

"हळद लागली?" मी खिडकीतूनच विचारलं.

प्राजक्तानं आपले दोन्ही गाल पुढं केले. कोरडे! "मी तोंडावर हात ठेवून बसले होते," ती म्हणाली. "लावा म्हटलं, बोटांना लावा."

सुमनचा भाऊ डीजेवाल्याकडं बघून ओरडला, "बंद कर रे ते!" आणि मांडव गप्प झाला. हिराआय प्राजक्ताचे कोरडे गाल बघून म्हणाली, "हळद नाय लागली, म्हंजे मोबाईल गायलाच नाय."

प्राजक्ताच्या आईनं तांब्या आणला. धवलारणीच्या पायांवर पाणी घालायचं असतं तिथं. हिराआयनं दार उघडून पाय बाहेर काढले. तळवे काळेकुट्ट, पेडलच्या रबरानं. प्राजक्ताची आई थबकली. हिराआय म्हणाली, "घाल पानी. हे मिठागरापेक्षा सोपा होता."

पाणी पडलं, आणि ते पाय खांदा कॉलनीनंतर पहिल्यांदा जमिनीला लागले. सरळ मांडवाच्या अंगणात.

मग ती गायली. माइक नको म्हणाली. बायका तिच्यामागं ओळ उचलत होत्या, हळदीची वाटी फिरत होती, आणि मी कोपऱ्यात वही काढून बसले. पहिला गो पाय देवाला. दुसरा गो पाय गावाला. पेन टेकवलं आणि थांबले. वहीत डोकं घातल्यावर काय होतं, ते मी त्याच दुपारी बघितलं होतं. वही मिटली आणि प्राजक्ताकडं बघत राहिले. तिच्या गालावर पहिलं बोट लागलं ते हिराआयच्या तिसऱ्या ओळीवर. सुमननं माझ्याही कपाळाला हळद फासली. तेलाचे हात, हळदीचं तोंड, असा माझा अवतार. कुणीतरी फोटो काढलाय. मी दाखवणार नाही.

परत आल्यावर गल्लीतल्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं पेडल दाबलं, भुवया वर केल्या. "काकू, एक नंबर हवा काढलीय. कुणी काढली?"

मी वही उघडून त्याच्यासमोर धरली. पानावर अडीच ओळी. पहिला गो पाय देवाला, दुसरा गो पाय गावाला, तिसरा गो पाय. आणि पुढं, जिथं शब्द यायचा, तिथं माझ्या अंगठ्याचा तेलाचा गोल डाग.

"तू बस," मी त्याला म्हटलं. "आणि पाना खाली ठेव. याला वेळ लागणार आहे."